दोष खोटा, काडी खरी

सुमनवहिनी,

तुझ्या दहाव्याला दादा पोशीरला, तुझ्या माहेरी, आला होता. तू गेल्याचा निरोप त्याला त्याच दिवशी मिळाला होता, पण मातीला आला नाही. दहाव्याला मात्र कडक इस्त्रीचं धोतर नेसून आला. सोबत नवी बायको. नवी म्हणजे आता तीही जुनीच झाली, मुलगे बापाच्या खांद्याला लागले. जेवणं झाल्यावर त्यानं मला गोठ्यामागं नेलं. तुझ्या दहाव्याच्या वड्यांचं तेल त्याच्या मिशीला लागलेलं होतं. म्हणाला, "दत्ता, आमची काडीमोड खोटी व्हती. तुला ठाव हाय. तलाठी वारसाची नोंद करनार, तुला इचारनार. तू सांग खोटी व्हती म्हून. म्हंजी नवरा मीच, आन् जमीन माझी."

मला शिसारी आली. आधी त्याची आली, मग माझी. कारण तो खोटं बोलत नव्हता.

काडीमोड खोटी होती हे चौघांना ठाऊक होतं. आई गेली, आता तू गेलीस. उरलो आम्ही दोघं भाऊ. त्यातला एक गोठ्यामागं दात कोरत उभा आणि दुसरा हे लिहीत बसलेला. तुझ्याबद्दल चांगलं लिहायला बसलो होतो. पण आपल्या घराची घाण आधी काढल्याशिवाय तुझ्यापर्यंत पोचताच येत नाही.

त्या पिच्चरचं नाव मी लिहिणार नाही. खोपोलीच्या टॉकीजमध्ये मी तेव्हाही पिच्चरचं मशीन चालवायचो. लोक हसून हसून खुर्च्यांवरून खाली यायचे. नायकाचा श्रीमंत मामा म्हणतो, ही बायको सोड, तरच माझी इस्टेट तुला मिळेल. नवरा-बायको खोटा घटस्फोट घेतात. बायको त्याच घरात मोलकरीण होऊन येते, मामाला चहा देते, नवऱ्याच्या चहात मीठ घालते. हे सगळं जमवून आणतो तो नायकाचा मित्र. सगळ्यात जास्त हशा त्याला. मी रोज वरच्या भोकातून बघायचो आणि मला वाटायचं, आपण त्या मित्रासारखे आहोत. हुशार. सगळ्यांच्या उपयोगी पडणारे.

तुला पास मीच पाठवायचो. आधी तू शेजारच्या बायांबरोबर यायचीस, मग त्यांना कामं निघायला लागली तशी एकटीच एसटीनं यायला लागलीस. दादाला विचारून, आईला सांगून. एकदा तू मशीनच्या खोलीत चढून आलीस. भिंतीच्या भोकातून जाणाऱ्या उजेडात हात धरलास, पडद्यावर नायिकेच्या तोंडावर तुझ्या बोटांची सावली पडली आणि खालून शिट्ट्या आल्या. तू जीभ चावलीस. मग त्या उजेडातली धूळ बघून म्हणालीस, "भावजी, येवढ्या धुरळ्यातनं ही मानसं जात्यात, आन् कापडं कशी पांढरी?" मी अजून मशीन लावताना त्या धुळीकडे बघतो.

शेवट मात्र तू कधीच बघितला नाहीस. शेवटची एसटी चुकेल म्हणून तुला आधीच उठावं लागायचं.

त्याच सुमाराला आपल्या गावात जमिनीच्या सीलिंगची चौकशी लागली. नवरा-बायकोची जमीन एकत्र धरायची, आणि ठरलेल्या हद्दीबाहेरची सरकारजमा. दादाच्या नावावर वडिलांची होती. तुझ्या नावावर पोशीरची, तुझ्या बापानं लग्नात लिहून दिलेली. दोन्ही मिळून हद्दीबाहेर जात होती. काडीमोड झालेली बाई मात्र कायद्यानं वेगळी, तिची जमीन वेगळी.

दादाला ही वाट मी दाखवली. जेवताना, हसत हसत. "त्या पिच्चरवानी करा की. खोटी काडीमोड, चौकशी गेली की परत लगीन."

आई म्हणाली, "मेल्या, जेवताना कसलं अभद्र बोलतोस!"

तुला एवढं हसू आलं की ठसका लागला. दादा हसला नाही. त्यानं शांतपणे आमटी ओरपली, आणि सकाळी मला अंगणात गाठून विचारलं, "पंच मानतील का रं?"

तू घाबरली होतीस. विहिरीवर मला एकट्याला विचारलंस, "भावजी, त्या पिच्चरचा शेवट काय व्हतो वो? मी कंदी बघितला नाय." मी म्हणालो, "अगं, परत लगीन व्हतं त्यांचं. हार, वाजंत्री, मामा सोता अक्षता टाकतो. मी रोज बघतो." तू म्हणालीस, "रोज बघता ना? मंग बरं." आणि घागर उचललीस.

तेवढ्यावर तू तयार झालीस. दादाच्या शब्दावर नाही, आईच्या शब्दावर नाही. मी रोज शेवट बघत होतो, म्हणून.

मारुतीच्या पारावर पंच बसले. आपल्या जातीत काडी अशीच मोडता येत नाही, आधी दोष सांगावा लागतो, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघांनाही त्या दिवशी आठवलं नव्हतं. पिच्चरमध्ये वकील कागद काढतो, सही झाली की संपलं. इथं म्हाताऱ्या पंचानं विचारलं, "दोष कुनाचा?" दादा गप्प. दोष त्याचा निघाला असता तर दंड त्याच्यावर बसला असता. तू पदर तोंडाला लावून हसू दाबत होतीस, खांदे हलत होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी त्या मित्रासारखा पुढं झालो.

"घरात टिकत नाय," मी म्हणालो. "खोपोलीला पिच्चरला येते. एकटी येते."

"तुला कसं ठाव?"

"मशीनवर मीच असतो. डोळ्यांनी बघतो."

तेव्हा तुझं हसू फुटलं. पास मी पाठवायचे आणि साक्षही मीच द्यायची, याची तुला गंमत वाटली. पंच म्हणाला, "बगा. लाज हाय का बायला? हसती." पेंढ्यातली एक काडी काढली, एक टोक दादाच्या हातात, एक तुझ्या. मोडली. एवढीशी काडी, आवाजही झाला नाही. पंचांना मटण जेवू घातलं ते तुझ्याच हातचं होतं, सकाळी तूच शिजवून ठेवलं होतंस. हे आठवलं की अजून माझ्या तोंडाला पाणी सुटत नाही, कडवट काहीतरी येतं.

पोशीरला जायला एसटीत चढताना तू खिडकीतून म्हणालीस, "चौकशी संपली की न्यायला तुमीच या, भावजी. वाजंत्री इसरू नका."

चौकशीला साहेब आला. त्यानं गावात विचारलं, आणि गावानं भरभरून सांगितलं. मी 'एकटी येते' म्हणालो होतो. लोकांनी 'कुणासोबत तरी येते' केलं. मग त्या कुणाला तरी चेहरा मिळाला, तो टॉकीजचा डोअरकीपर झाला, जो बिचारा एका डोळ्यानं आंधळा होता आणि ज्यानं तुला कधी बघितलंही नसेल. साहेबानं मान हलवली. जमीन वाचली.

मग तुला आणायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, "लोकं उगाच बोलतात व्हय?"

मी म्हणालो, "आई, ते मी रचलं होतं. तुझ्यासमोर ठरलं ना सगळं?"

"काडीमोड रचली व्हती. पन ती एकटी जायची हे तर खरंच ना? मंग?"

आपणच ओकायचं आणि मग आपणच त्याला प्रसाद म्हणून हात जोडायचे, तसं ते होतं. दादा गप्प बसून होता. त्याला सोयीचं असेल तेव्हा तो नेहमीच गप्प असायचा. पंचांनी मात्र वाट दाखवली. काडी मोडलेल्या बाईचं पुन्हा लग्न नाही, फक्त पाट. रात्रीच्या अंधारात, घराच्या मागल्या दारी, विधवेचा लावतात तसा. वाजंत्री नाही, अक्षता नाही. सकाळपर्यंत तिचं तोंड कुणी बघायचं नाही, आणि पुढं जन्मभर तिनं कुणाच्या हळदीला हात लावायचा नाही. दादा म्हणाला, "काय वाईट हाय? घरात येते ना?" आणि निरोप घेऊन मला पाठवलं.

तू पडवीत तांदूळ पाखडत होतीस. तुझी बहीण शेवंता, तेव्हा नुकतीच विधवा होऊन माहेरी आलेली, उंबऱ्यात बसली होती. मला बघून तू सूप खाली ठेवलंस आणि माझ्या मागं रस्त्याकडे बघितलंस. वाजंत्री बघत होतीस. मी पाटाचं सांगितलं.

"रातचा?" तू विचारलंस.

"हां."

"मागल्या दारानं?"

मी मान डोलावली. तू बराच वेळ सुपातले खडे वेचत राहिलीस. मग म्हणालीस, "मी काय केलं वो, भावजी?"

"काय नाय केलंस."

"मंग हे पंचांना सांगा. तुमी रचलं म्हून सांगा. मंग मी दिवसाची येते, वाजंत्री बी नको."

मी म्हणालो, "सांगतो." वहिनी, मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खोटी काडीमोड उघडी पडली असती, जमीन गेली असती, कदाचित आम्ही दोघं आत गेलो असतो. हे सगळं खरं आहे. पण खरं कारण त्याहून हलकं होतं. पारावर सगळ्यांसमोर उभं राहून 'मी खोटारडा' म्हणायची मला लाज वाटली. तुझी अब्रू आणि माझी लाज, यात मी माझी लाज राखली. पुढच्या खेपेला मी पुन्हा तोच निरोप घेऊन आलो तेव्हा तू आत निघून गेलीस आणि आतूनच म्हणालीस, "त्येंना सांगा, मी नाय येत. चोरावानी रातचं माज्याच घरात मी नाय येनार. आता काडी मोडली म्हना."

दादानं सुगी संपायची वाट बघितली. मग खालापूरकडची मुलगी केली. हार, वाजंत्री, दिवसाढवळ्या, पुढच्या दारानं. मी पंगतीत जिलब्या वाढल्या. लोक विचारायचे, "पहिलीचं काय झालं रं?" आणि मीच उत्तर द्यायचो, "नाय टिकली."

तू पोशीरची जमीन शेवंताबरोबर कसायला लागलीस. दादा पहिल्या वर्षी गाडी घेऊन भात न्यायला आला होता. तू खळ्यावर विळा घेऊन उभी राहिलीस, आणि गाडी रिकामी परत आली, असं शेवंता हसत हसत सांगते. मला ते ऐकायला फार आवडतं. आपल्या सगळ्या गोष्टीत मला पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते ती एवढीच.

माझ्या बायकोच्या बाळंतपणात तिच्या जिवावर बेतलं. घरचं कुणी आलं नाही. तू आलीस, न बोलावता, बोचक्यात डिंक आणि जुनी लुगडी घेऊन. माझ्या खोपोलीच्या एका खोलीत चुलीपाशी झोपलीस. तिला न्हाऊ घातलंस, पोरीला पायावर घेऊन तेल लावलंस. इतके दिवस राहिलीस आणि एका शब्दानं मला काही विचारलं नाहीस. मी रोज ठरवायचो, आज माफी मागू. रोज तू आधी म्हणायचीस, "भावजी, वायच पानी आना," आणि मी बादली घेऊन सुटायचो. नळावर उभं राहून मला हलकं वाटायचं. हे हलकं वाटणंही किळसवाणं होतं. तू पोशीरला परतल्यावर बायको म्हणाली, "अशी बाई यांनी टाकली?" ती मला 'यांनी' म्हणाली होती. दादाला नाही.

तो पिच्चर मग पुन्हा लागला. जुने पिच्चर स्वस्तात मिळतात, मालक आणायचा. तू शेवंताला घेऊन आलीस. मी जिन्यावरून हाक मारली, पास देऊ का, तर म्हणालीस, "नको. तिकीट काढलंय." या वेळी एसटीची घाई तुला नव्हती. शेवंताची नणंद खोपोलीत राहायला आली होती, तिच्याकडे मुक्काम होता. शेवट बघून खाली आलीस तेव्हा लोक अजून हसत बाहेर पडत होते.

"ती परत गेली की वो त्याच्याकडं," तू म्हणालीस.

"जाणारच. पिच्चर आहे तो."

"येवढं सगळं करून बी? तिला इचारलं बी नाय कुनी, येते का म्हून. हार घातला आन् झालं."

"अगं, शेवट गोड लागतो लोकांना. नायतर पैसे कोण देईल?"

"गोड कुनाला? मला वाटलं, उठावं आन् तिचा हात धरून भायेर काढावं."

"तू काढली असतीस तर लोकांनी तुलाच बाहेर काढलं असतं."

तू हसलीस. पारावर हसली होतीस तसंच, तोंडाला पदर लावून. मी म्हणालो, "पण ती सुखात राहिली असेल ना पुढं." तू म्हणालीस, "पुढचं रीळ हाय का तुमच्याकडं?" तेवढ्यात वरून पुढच्या खेळाची घंटा झाली आणि मला जावं लागलं. त्या वादाचं उत्तर मी नंतर कितीतरी वेळा तयार केलं. प्रत्येक वेळी ते तुझ्या बाजूचं निघालं. तुला सांगायचं राहिलं.

काल तलाठ्यानं बोलावलं होतं. दादा, त्याची बायको, शेवंता, मी. शेवंता तुझी वारस, असं तू चार माणसांत नेहमी म्हणायचीस. दादाचं म्हणणं, नवरा जिवंत असताना बहीण कुठली?

तलाठी तरुण आहे, चष्म्याचा. त्यानं दादाला विचारलं, "म्हणजे काडीमोड खोटी होती?"

"खोटीच. शीलिंगसाठी केली व्हती."

"सीलिंगचं मी ऐकलं नाही. तुम्हीही पुन्हा बोलू नका. पण खोटी असेल तर तुमचं पहिलं लग्न चालूच होतं. मग या कोण?" त्यानं दादाच्या बायकोकडे बोट केलं.

दादा गडबडला. "ही... ही बी हाय घरात."

ती बाई त्याच्याकडे बघत राहिली. त्याची दोन मुलं तिनं वाढवली, आईचं हगणं-मुतणं शेवटपर्यंत काढलं, आणि पोशीरच्या एका तुकड्यासाठी ती एका वाक्यात ठेवलेली बाई झाली. ती उठली, पदर ओढला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. दादानं तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. मला म्हणाला, "सांग रं."

वहिनी, मला फक्त 'खोटी' म्हणायचं होतं, आणि ते खरं होतं. 'खोटी' म्हणालो असतो तर तुझ्यावरचा डागही पुसला असता. खोट्या काडीमोडीतला दोषही खोटाच. पण जमीन या माणसाच्या हातात गेली असती आणि मेल्यावर तू पुन्हा त्याची बायको झाली असतीस. तुला कुणी न विचारता.

मी आधी दोषाचं बोललो. मी रचला, पास मी द्यायचो, ती कुणाबरोबर कधी आली नाही, तिचं वागणं स्वच्छ होतं. तलाठी म्हणाला, "ते माझ्या कामाचं नाही. काडीमोड खरी की खोटी, तेवढं सांगा."

"पारावर मोडली तेव्हा खोटी होती," मी म्हणालो. "मग याचा पाटाचा निरोप घेऊन मी पोशीरला गेलो. ती म्हणाली, मी येत नाही, आता काडी मोडली म्हणा. या शेवंतानं ऐकलंय. त्या दिवशी ती खरी झाली. तिनं मोडली. त्यानंतर यानं दुसरं लग्न केलं, दिवसाढवळ्या. मी जिलब्या वाढल्यात."

"मग खरी लिहू?"

"खरी लिहा."

दादा म्हणाला, "भाडखाऊ, कुनाचं खाल्लंस रं?" मी म्हणालो, "तिचंच. आपण सगळ्यांनी."

तलाठ्यानं पंचांसमोरच्या काडीमोडीचं लिहून घेतलं. दोष खोटा होता हे त्यानं लिहिलं नाही. कागदावर ते कुठंच नाही, म्हणून मी इथं लिहिलं आहे, आणि ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. सही करायला पुढं झालो तर त्यानं पेन थांबवलं.

"तुमचं मयताशी नातं?"

"दीर."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "आत्ता काडीमोड खरी म्हणालात ना? मग दीर कसे? काय लिहू?"

मी शेवंताकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. दादा मोठ्यानं हसला, पिच्चरमध्ये लोक हसायचे तसा.

"'काही नाही' असं लिहा," मी म्हणालो.

त्यानं लिहिलं. मी त्याच्याखाली सही केली.

बाहेर आलो तर शेवंतानं दादाच्या बायकोला तांब्यातून पाणी दिलं होतं आणि दोघी पायरीवर बसल्या होत्या. शेवंता म्हणाली, "वरसाला येनार ना?"

"कोण म्हणून येऊ आता?"

"जेवाय मानसं लागत्यातच की," ती म्हणाली.

येईन. वहिनी म्हणून हाक मारायचा हक्क मी काल सही करून सोडला, तरी वर सगळीकडे तेच लिहून बसलो. खोडणार नाही. इथून पुढं मात्र तू माझी कुणी नाहीस, आणि दादाचीही नाहीस.